जुन्या व्हॅनचा ब्रेक व्हॉल्व्ह घरी बांधलेल्या गाडीला चालेल का?

प्रश्न असा आहे. निपाणीकडचे एक जण नळ्यांच्या चेसिसवर दोन सीटची बुटकी, उघडी गाडी बांधतायत. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अख्खा अ‍ॅक्सल जुन्या व्हॅनमधून काढलाय. पुढचे हब, डिस्क आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला दाब देतो तो) एका छोट्या हॅचबॅकचे आहेत. व्हॅनच्या मागच्या अ‍ॅक्सलजवळ दांडी आणि स्प्रिंग असलेला एक व्हॉल्व्ह होता, तोही सोबत आलाय. मेस्त्री म्हणतो, "काढून टाका की तो, सरळ पाइप जोडू, ब्रेक कडक लागेल." मित्र म्हणतो, ऑनलाइन मिळणारा नॉबवाला व्हॉल्व्ह घे. यांना स्वतःला वाटतंय की कंपनीनं दिलाय म्हणजे काहीतरी विचार करूनच दिला असेल, तोच बसवावा. तिघांत बरोबर कोण?

माझ्या मते तिघंही उत्तराकडून सुरुवात करतायत. प्रश्न व्हॉल्व्हचा दिसतो, पण खरा आहे वजनाचा आणि व्हील सिलिंडरच्या, म्हणजे ड्रममध्ये लायनर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या, मापाचा. ही दोन मापं कळल्याशिवाय व्हॉल्व्ह ठेवा, काढा किंवा नवा घ्या, हे कुणीही छातीठोकपणे सांगू नये. मी बेळगावात उद्यमबागेत ब्रेक आणि हायड्रॉलिकचं काम करतो. जुन्या जिपा आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांच्या बाजा स्पर्धेच्या गाड्या अशी कामं कायम येतात, आणि त्यातली निम्मी भांडणं याच एका डबीवरून असतात.

आधी हा व्हॉल्व्ह नक्की करतो काय ते बघू. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं झुकतं. पुढच्या टायरवर भार वाढतो, मागच्यावरचा तेवढाच कमी होतो. ज्या टायरवर भार कमी, त्याची पकड कमी. त्यामुळं मागच्या चाकाला पुढच्याइतकाच जोर दिला तर ते आधी जाम होतं. जाम झालेल्या टायरला आडवी पकड उरत नाही. पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी बहुतेक सरळ जाते. मागची आधी जाम झाली तर मागची बाजू पुढं यायला बघते आणि गाडी आडवी होते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत पुढची चाकं आधी जाम व्हावीत असा दंडक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आर१३-एच या कार ब्रेक नियमावलीत ०.१५ ते ०.८ जी एवढ्या ब्रेकिंगच्या पट्ट्यात, गाडी रिकामी असो वा भरलेली, मागच्या अ‍ॅक्सलनं पुढच्यापेक्षा जास्त पकड वापरायची नाही, असं सांगितलंय. १ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकी मंदगती. कोरड्या डांबरावर साधे चांगले टायर साधारण ०.८ च्या आसपास जातात.

हे साधायला मागच्या लाइनमध्ये व्हॉल्व्ह घालतात. आत पायरीचा पिस्टन आणि स्प्रिंग. एका ठरावीक दाबापर्यंत पुढं जेवढा दाब तेवढाच मागं. त्या दाबानंतर मागचा दाब वाढतो, पण कमी वेगानं. समजा हा वळणबिंदू २० बारला आहे आणि त्यानंतरचा उतार ०.४ आहे, म्हणजे पुढं १ बार वाढला की मागं ०.४ वाढतो. मग पुढं २० असताना मागं २०. पुढं ६० गेला की मागं फक्त ३६. बस, एवढंच. २० बारच्या खाली हा व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं त्याच्यावर बरंच अवलंबून आहे.

दांडीवाला व्हॉल्व्ह, म्हणजे आपल्याकडं सगळे ज्याला एलएसपीव्ही (लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह) म्हणतात तो, हाच वळणबिंदू मागच्या भाराप्रमाणं सरकवतो. मागं माणसं बसली, बॉडी खाली दबली, दांडी वर ढकलली गेली, स्प्रिंग ताणली. वळणबिंदू वर जातो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकाम्या व्हॅनमध्ये उलट. सात माणसं घेऊन जाणाऱ्या आणि एकट्या ड्रायव्हरवर धावणाऱ्या गाडीला ही सोय लागतेच.

आता तुमच्या गाडीकडं या. गणित सोपं आहे: पुढं सरकणारं वजन म्हणजे मंदगती गुणिले एकूण वजन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. तुमचे आकडे माझ्याकडं नाहीत, म्हणून अंदाजानं धरतो. ड्रायव्हरसकट ७०० किलो, पुढं ४८ टक्के, मागं ५२, व्हीलबेस २.३ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.४५ मीटर. ०.८ जीला सुमारे ११० किलो पुढं सरकतात. पुढं ३३६ चे ४४६ होतात, मागं ३६४ चे २५४. म्हणजे पुढं ६४ टक्के, मागं ३६. तीच रिकामी व्हॅन समजा ९५० किलोची, पुढं ५६ टक्के, गुरुत्वमध्य ०.६५ मीटर, व्हीलबेस २.३५ धरला, तर तेवढ्याच ब्रेकिंगला पुढं ७८ आणि मागं जेमतेम २२ टक्के उरतात.

३६ आणि २२. एवढ्या फरकाच्या दोन गाड्यांना एकच व्हॉल्व्ह म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. कंपनीनं विचार करून दिलाय हे खरंच, पण तो विचार त्या व्हॅनचा होता.

दांडी नुसती लोंबकळत ठेवलीत तर व्हॉल्व्हला वाटणार व्हॅन रिकामी आहे, किंबहुना रिकाम्याहून रिकामी. मागचा ब्रेक नावालाच राहील, सगळं काम पुढच्या डिस्कवर पडेल आणि थांबायचं अंतर वाढेल. तवंदीचा घाट उतरताना पुढचे पॅड तापून वास येईल, मागचे ड्रम हाताला कोमट लागतील. हे सुरक्षित बाजूचं नुकसान आहे, पण नुकसानच. दांडी वर तारेनं बांधून टाकली, आणि हे पिकअपवाले सर्रास करतात, तर व्हॉल्व्ह पूर्ण भार समजून मागं भरभरून दाब सोडेल. मेस्त्रीचा सरळ पाइपही त्याच जातीचा. व्हॅनचे मागचे ड्रम सात माणसांच्या हिशोबाचे. तुमच्या हलक्या शेपटीला ते जड पडणार. ब्रेक "कडक" लागेल यात शंका नाही, प्रश्न कुठल्या चाकाला लागेल हा आहे.

दांडी व्यवस्थित जोडून का नाही वापरायची? वापरता येते, पण तुमच्या गाडीत फायदा थोडा. व्हॅनची मागची बाजू वितीनं वरखाली होते, त्या हालचालीवर दांडीची लांबी आणि स्प्रिंग ठरवलेली असते. बुटक्या, टणक सस्पेन्शनच्या गाडीत तीच हालचाल बोटभर. व्हॉल्व्हला सांगायला दांडीकडं काही उरतच नाही. शिवाय दोन सीटच्या गाडीत मागचा भार बदलून बदलणार किती? शेजारी एक माणूस बसला तरी तो मागच्या चाकांच्या थोडा पुढंच बसतो.

तरीही नॉबवाला व्हॉल्व्ह लगेच घेऊ नका. आधी मूळ प्रमाण काढा, म्हणजे व्हॉल्व्ह नसताना पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा जोर किती ते. पुढं: डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ, गुणिले २, गुणिले पॅडचा घर्षणांक, गुणिले डिस्कची परिणामकारक त्रिज्या. मागं: व्हील सिलिंडरचं क्षेत्रफळ, गुणिले ड्रमची त्रिज्या, गुणिले ड्रमचा गुणक. एक लायनर आत ओढला जाणारा आणि एक बाहेर ढकलला जाणारा अशा साध्या ड्रमला हा गुणक २ ते २.५ च्या घरात धरतात. मी २.२ धरतो.

हे आकड्यात बघा, कारण इथंच सगळी मजा आहे. पुढं ४८ मिलिमीटरचा पिस्टन, पॅड ०.३८, त्रिज्या ९५ मिलिमीटर: दर बारला एका चाकावर सुमारे १३ न्यूटन-मीटर. मागं २२० चा ड्रम आणि २२.२ चं व्हील सिलिंडर: सुमारे ९.४. प्रमाण पडलं ५८ ला ४२. वरच्या ७०० किलोच्या गाडीत मागच्याला ४२ टक्के जोर फक्त ०.५ जीपर्यंत झेपतो. त्यानंतर मागचं चाक आधी जाम. आता फक्त मागचं व्हील सिलिंडर बदला. २०.६ चं घातलं तर प्रमाण ६२ ला ३८, आणि मर्यादा ०.७ जीवर जाते. १९ चं घातलं तर ६५ ला ३५, मर्यादा ०.८८ च्या पुढं. साध्या टायरवर गाडी बहुतेक तिथपर्यंत पोचणारच नाही.

म्हणजे व्हॉल्व्ह न घालता, काही शे रुपयांच्या व्हील सिलिंडरनं प्रश्न जवळजवळ मिटला. दर वेळी मिटतोच असं नाही. सिलिंडरचा पाया, बोल्टची जागा, लायनरच्या टोकाची जाडी जुळावी लागते, आणि पुढच्या-मागच्या टायरची उंची वेगळी असेल तर तेही हिशोबात धरावं लागतं. मोठ्या टायरवर तोच ब्रेक जमिनीशी कमी जोर देतो. पण हलक्या गाडीत मी नेहमी आधी इथं बघतो, कारण सिलिंडरचं माप हलक्या दाबापासून जोराच्या दाबापर्यंत सगळीकडं लागू पडतं. व्हॉल्व्ह फक्त वळणबिंदूच्या वर.

यातूनच एक परीक्षा निघते, ती मला फार कामाची वाटते. मागचं चाक कधी जाम होतं? पावसात, चिखलात, हलक्या दाबाला होत असेल तर नॉब कितीही फिरवा, उपयोग शून्य. दाब वळणबिंदूपर्यंत गेलेलाच नसतो. तिथं मूळ प्रमाण चुकलंय, किंवा ड्रममध्ये काहीतरी धरतंय: अंडाकृती झालेला ड्रम, तेल लागलेला लायनर, हँडब्रेकची केबल ओढलेली. जोराच्या दाबालाच, कोरड्या रस्त्यावर, जाम होत असेल तर ते व्हॉल्व्हचं काम. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जूनपासून लाल माती रस्त्यावर वाहत येते, तिथं पकड निम्म्यावर येते. त्या रस्त्यावरची तक्रार आणि हायवेवरची तक्रार एकच समजू नका.

आता तुमच्या गाडीतला एक छुपा धोका. प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. मास्टर सिलिंडर हॅचबॅकचा आहे म्हणालात. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत ब्रेकची लाइन बहुधा तिरकी विभागलेली असते: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका कप्प्यावर, दुसरी जोडी दुसऱ्यावर. त्यामुळं मास्टरला चार तोंडं असतात, आणि बऱ्याच गाड्यांत मागच्या दोन तोंडांत छोटे प्रपोर्शनिंग, म्हणजे मागचा दाब आवरणारे, व्हॉल्व्ह स्क्रू केलेले असतात. बाहेरून ते नुसत्या लांबट नटासारखे दिसतात. तुम्ही त्याच तोंडातून मागची लाइन काढली आणि पुढं एलएसपीव्ही किंवा नॉबवाला जोडला, तर दोन व्हॉल्व्ह एकामागं एक बसले. मग मागं ब्रेक येत नाही म्हणून लोक लायनर घासतात, एअर काढत बसतात, मास्टर बदलतात.

म्हणून मास्टर टेबलावर घ्या आणि चारही तोंडं तपासा. नळ्यांच्या चेसिसच्या गाडीत मी पुढची दोन एका कप्प्यावर, मागची दोन दुसऱ्यावर अशी विभागणी पसंत करतो. समजायला सोपी, आणि मागच्या एकाच लाइनवर एकच व्हॉल्व्ह लागतो. त्यासाठी प्रत्येक कप्प्याचं व्हॉल्व्ह नसलेलं तोंड वापरायचं आणि उरलेली दोन योग्य आट्याच्या प्लगनं बंद करायची. तिरकी विभागणी तशीच ठेवायची असेल तर पुढच्या सस्पेन्शनची भूमितीही त्या हॅचबॅकसारखी लागते. नाहीतर एक कप्पा गेला की उरलेल्या एका पुढच्या चाकावर गाडी जोरात एका बाजूला खेचते.

बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, ठेवणार की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. हलक्या गाडीला नसला तरी चालतो, पण मास्टरचं माप बघा. २०.६ मिलिमीटरचा मास्टर, पेडलचं प्रमाण ५ ला १ आणि पायाचा जोर ३० किलो धरला तर साधारण ४५ बार मिळतात. वरच्या गाडीला ०.८ जीसाठी ३६-३७ बार पुरतात. पण हॅचबॅकचं पेडल बूस्टरच्या भरवशावर ३ किंवा ४ ला १ असेल आणि तुम्ही बूस्टर काढलात, तर तोच पाय अपुरा पडेल. मग लोक म्हणतात व्हॉल्व्ह दाब खातोय.

नवी गाडी फोडून भाग घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथंच सांगतो. आपल्याकडं एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. अशा गाड्यांत मागचा दाब आवरण्याचं काम एबीएसच्या युनिटमधलं ईबीडी करतं, त्यामुळं वेगळा यांत्रिक व्हॉल्व्ह बहुधा नसतोच. युनिट, वायरिंग, सेन्सर नको म्हणून ते सगळं काढलं आणि पाइप सरळ जोडले, तर मागचा ब्रेक पूर्ण मोकळा सुटतो. "या गाडीला व्हॉल्व्ह नव्हताच" हे वाक्य गुजरीत ऐकलंत तर आधी गाडीचं साल विचारा.

जुन्या विलीस जिपा बांधणारेही हे वाचतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी. तिथं मास्टर फळीखाली, चाकांच्या कॅलिपरच्या पातळीला किंवा खाली असतो. डिस्क लावलीत तर तेल मागं उतरू नये म्हणून सुमारे २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो. ड्रमला १० पीएसआयचा. जुन्या ड्रमच्या मास्टरमध्ये १० चा आतच बसवलेला असू शकतो. तो न काढता त्या लाइनवर डिस्क लावली की पॅड कायम घासत राहतात आणि चाक तापतं. हा व्हॉल्व्ह आणि दाब विभागणारा व्हॉल्व्ह या दोन वेगळ्या वस्तू आहेत; दुकानात दोन्हीला नुसतं "ब्रेक व्हॉल्व्ह" म्हणतात, तेवढं जपा.

वजन कसं करायचं? साखर कारखान्याच्या काट्यावर अख्खी गाडी आणि मग फक्त पुढची चाकं चढवून घेतात लोक, पण ऊसगाडीचा काटा १० नाहीतर २० किलोच्या टप्प्यानं दाखवतो, ७०० किलोच्या गाडीला ते ढोबळ पडतं. निपाणीत तुमच्यासाठी त्याहून सोपं आहे. तंबाखूच्या वखारीत ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा असतो. एकेक चाक काट्यावर, उरलेल्या तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या, टाकीत पेट्रोल, सीटवर ड्रायव्हर, हँडब्रेक सोडलेला. फळ्या एका पातळीत नसतील तर आकडे खोटे येतात. गुरुत्वमध्याची उंची मोजायची पद्धत आहे, मागची बाजू उचलून पुन्हा वजन करायचं, पण तुमच्या कामाला अंदाज चालेल. बुटक्या गाडीला ०.४५ ते ०.५ मीटर, जिपेला ०.६५ ते ०.७.

हे सगळं करून मर्यादा ०.७ जीच्या खालीच राहिली, किंवा चिकट टायर लावणार असाल, तर नॉबवाला व्हॉल्व्ह जरूर घ्या. नॉब फिरवला की स्प्रिंगचा ताण बदलतो, म्हणजे वळणबिंदू सरकतो. उतार तोच राहतो. तो मास्टरपासून मागं जाणाऱ्या एकाच लाइनवर, टी-जॉइंटच्या आधी, बाणाच्या दिशेनं बसवायचा. पुढच्या लाइनवर कधीच नाही. आणि ड्रायव्हरच्या हाताजवळ नको. एकदा जुळवला की लॉकनट आवळून बॉनेटखाली. शर्यतीत हाताजवळ ठेवतात ते ठीक, रस्त्यावर शेजारी बसलेला पोरगा तो रेडिओ समजून फिरवतो. बाजाच्या गाड्यांत दोन मास्टर आणि मधे पायाचा जोर दोघांत वाटणारा बायस बार असतो, त्याची गोष्ट वेगळी: बार पहिल्या किलोपासून प्रमाण बदलतो. बार असेल तर त्याच गाडीत नॉब नको, दोन्ही फिरवत बसलात तर कशानं काय झालं हे कळत नाही.

जोडणीत दोन गोष्टी घात करतात. पहिली आटे. मारुतीच्या जमान्यातल्या गाड्यांचे ब्रेक नट बहुधा एम१० गुणिले १. जुन्या जिपांचे आणि परदेशी व्हॉल्व्हचे पुष्कळदा ३/८ इंची, २४ आट्यांचे. ३/८ म्हणजे ९.५ मिलिमीटर. तो नट १० च्या भोकात गोड शिरतो, दोन आटे धरल्यासारखाही वाटतो, आणि पहिल्या जोराच्या ब्रेकला सुटतो. डोळ्यानं फरक दिसत नाही. थ्रेड गेज लावा. पाइपच्या टोकाचा फ्लेअरही बघा. दुमडून केलेला दुहेरी फ्लेअर आणि गोल फुगा असलेला फ्लेअर एकमेकांच्या बैठकीत नीट बसत नाहीत, आवळून आवळून नट मोडतो पण गळती थांबत नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्या गावची. उद्यमबाग, मच्छे भागात हायड्रॉलिकची दुकानं भरपूर, त्यामुळं प्रेशर गेज, नळी, अडॅप्टर लगेच मिळतात. पण तिथला गेज मिनरल हायड्रॉलिक ऑइलवर वापरलेला असतो. ब्रेकचे रबर ईपीडीएमचे असतात, त्यांना मिनरल तेल चालत नाही. थेंबभर गेलं तरी कप फुगतात, मास्टर परत येत नाही, ब्रेक धरून ठेवतो. मग प्रत्येक रबर बदलावं लागतं. म्हणून ब्रेकसाठी दोन नवे कोरे गेज वेगळे ठेवा, ० ते १६० बारचे चालतील, आणि त्यांना डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक तेलाशिवाय दुसरं काही दाखवूच नका.

ते गेज लागतातच. एक पुढच्या कॅलिपरच्या एअर काढायच्या निपलच्या जागी, एक मागच्या व्हील सिलिंडरच्या. पूर्ण एअर काढा; दांडीवाला व्हॉल्व्ह ठेवला असेल आणि त्याला स्वतःचं निपल असेल तर तिथलीही. मग मदतनिसाला पेडल हळूहळू दाबायला सांगा आणि पुढं १०, २०, ३०, ४० बार असताना मागं किती, हे कागदावर लिहा. दोन्ही काटे बरोबरीनं चढत जाऊन एका क्षणी मागचा रेंगाळला की तो तुमचा वळणबिंदू. व्हॉल्व्ह बसवलेला नसतानाही रेंगाळला, किंवा एकदा रेंगाळून पुढं आणखी एकदा रेंगाळला, तर कुठंतरी दुसरा व्हॉल्व्ह लपलाय. मास्टरचं तोंड पुन्हा बघा.

रस्त्यावरची चाचणी रस्त्यावर करू नका. हंगाम संपल्यावर एखाद्या कारखान्याचं काँक्रीटचं आवार परवानगी घेऊन वापरता येतं. नॉब आधी पूर्ण बाहेर, म्हणजे मागं कमीत कमी दाब. ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगानं सरळ रेषेत, हेल्मेट आणि पट्टा लावून, एकदम नाही तर चढत्या जोरानं ब्रेक. बाजूला एकाला मोबाइलवर चाकांचा व्हिडिओ घ्यायला उभं करा. गाडीत बसून कुठलं चाक आधी थांबलं हे कळत नाही, कळल्याचा भास होतो. नॉब पाव-पाव फेरा आत घेत जा. मागचं चाक पुढच्याच्या आधी थांबलं की तिथून मागं या, आणि वर थोडी आणखी सूट ठेवा. ती सूट झिजलेले लायनर, पाऊस आणि एकट्यानं गाडी चालवण्याच्या दिवसांसाठी. पुढच्या पॅडची जात बदलली की हे सगळं पुन्हा, कारण प्रमाणच बदलतं. तेल मात्र दोन वर्षांत बदलाच; डॉट ४ कोरं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ती किमान मर्यादा १५५ वर येते, आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात पाणी शोषायला त्याला फार वेळ लागत नाही.

कागदपत्रांचंही विचारलं नाहीत, पण सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. व्हॅनच्या आरसीवर ही गाडी हायवेवर आणायचा विचार असेल तर आधी चिकोडीच्या आरटीओत जाऊन बोला. स्वतःच्या शेतात, बंद मैदानावर चालवायची असेल तर प्रश्न फक्त ब्रेकचा.

चार चाकांची वजनं, व्हीलबेस, पुढच्या पिस्टनचा आणि मागच्या सिलिंडरचा व्यास, ड्रमचं माप, पेडलचं प्रमाण आणि मास्टरच्या चारही तोंडांचा एक स्पष्ट फोटो पाठवा. सिलिंडर १९ चा घालायचा की २०.६ चा, ते मग सांगता येईल. तोवर व्हॅनचा व्हॉल्व्ह फेकू नका, त्याचे नट आणि ब्रॅकेट कामाला येतात.